फणसावरचा कलश

एक ‘हो’ म्हणण्यात सुहासिनीबाईंचा लाभच लाभ होता. शुभ्र गणवेशातले नौसैनिक, गोव्याहून निघणारी करडी नौका, बिगुलाचे सूर, नातवाच्या हाती पुष्पचक्र. आणि परवाच्या पेपरात त्यांच्या दिवंगत यजमानांचा, कमांडर विश्राम नाबरांचा, फोटो. नौदल त्यांच्या अस्थी खोल समुद्रात नेऊन सन्मानानं विसर्जित करणार होतं.

‘नाही’ म्हणण्यात काय होतं? गावची उथळ खाडी, गुडघाभर चिखल, आणि दुसऱ्या घरी जायची घाई असलेले भटजी.

तरी बाई ‘नाही’वर अडून बसल्या होत्या.

फाल्गुनातली सकाळ शिरोड्याच्या मिठागरांवर उतरत होती. चौकोनामागून चौकोन, आरशामागून आरसा. प्रत्येक आरशात एक निळाई, प्रत्येक निळाईत एक पांढरा, पेंगुळलेला ढग. बांधाबांधावर मिठाच्या चंद्रधवल राशी. आणि अंगणातल्या फणसाच्या फांदीला, लाल फडक्यात बांधलेला, वाऱ्यानं किंचित हलणारा अस्थिकलश. नऊ दिवस झाले होते. उद्या दहावा. उद्याच नौका निघणार होती.

माणूस तसा कुठल्याच मापात न बसणारा. सव्वीस वर्षं नौदलाची टेहळणी विमानं उडवली. मेघमालांच्या माथ्यावरून, लाटांच्या ओठांवरून, वादळांच्या पापण्यांखालून. आणि निवृत्त होऊन गावी आला तो लेकीच्या वेण्या घालायला. त्या इतक्या करकचून, की केतकीच्या भुवया शाळा सुटेपर्यंत वर चढलेल्या असत. गावानं शौर्यकथा मागाव्यात, तर यानं आंब्याची अढी कशी घालावी ते सांगावं. आणि असा हा नभोविहारी, गगनजेता पुरुष माडावर चढायला मात्र भ्यायचा. म्हणायचा, “विमानात निदान पट्टा असतो हो!”

आणि त्या सव्वीस वर्षांत बाईंचं काम काय? मोजणं. गोव्यातल्या धावपट्टीलगतच्या क्वार्टर्समधल्या साऱ्याच बायका मोजत. सहा गेली. एक आलं. दोन आली. शेवटच्या विमानाची घरघर जमिनीला टेकल्याशिवाय सुहासिनीबाई भात टाकत नसत. तांदूळ धुतलेले, आधण उकळतं. हात पदराशी, कान आभाळाशी.

एकदा पाचच आली. आधण आटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा आटलं. तिसरं आधण खदखदू लागलं तेव्हा सहावं आलं. नाबर घरी आले, हात धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, “आज फारच उशीर केलास गं स्वयंपाकाला.”

बाईंनी पान वाढलं. चाळीस वर्षं त्याबद्दल बोलल्या नाहीत. आपलं मोजणं यांना कधी कळलंच नाही, हा सल मात्र त्यांनी जपून ठेवला, रेशमी वस्त्रात मोती जपावा तसा.

“वयनी, हो म्हणा,” दीर अनंतराव सकाळपासून मागे लागले होते. “गावाक असो मान परत कधी गावतलो? बिगूल वाजतलो!”

“तुमच्या वेळी वाजवा, भावोजी.”

“आई,” केतकी हळूच म्हणाली, “बाबांना समुद्र आवडायचा गं.”

“आवडायचा ना? म्हणून सव्वीस वर्षं यांना दिलं होतं त्याला. पण दर वेळी परत आले. आता गेले, तर मी कुठल्या आवाजाची वाट बघू?”

फणसाचं एक पान सुटलं, गिरक्या घेत, संथ, संथ खाली आलं.

दुपारी बाईंचा निर्णय न्यायला लेफ्टनंट बिजॉय कुरियन आला. केरळचा, उंच, लाजरा. टोपी मांडीवर घेऊन ओसरीवर बसला आणि समोरच्या मिठागरांकडे बघतच राहिला.

“मॅम, ये हम ऊपर से देखते हैं,” तो म्हणाला. मग गोव्यात शिकलेलं मराठी मधेमधे पेरत राहिला. “परत येताना. हे चमकलं, की विमानात सगळे म्हणतात, ‘भात टाक!’ पायलट पंजाबी असो, बंगाली असो. म्हणजे घर आलं. पण किसका भात, कोण टाकणार, आम्हाला कुणालाच माहीत नाही.”

अनंतराव तोंडातलं पान चघळायचे थांबले.

“कधीपासूनचं हे?” बाईंनी विचारलं.

“बहुत पुराना, मॅम. नाबरसाहेबांच्या वेळेपासून, असं सीनियर सांगतात.”

मिठागरांवर ऊन झळाळलं. आरशामागून आरसा पेटत गेला, क्षितिजापर्यंत. म्हणजे त्या निळ्या, निर्मनुष्य, निराधार उंचीवरून तो माणूस रोज तिच्याशी बोलत होता. जिथं तिचा कान पोचत नव्हता, तिथून त्याचा शब्द निघत होता. ती मोजत होती, आणि जो मोजला जात होता त्याला ते ठाऊक होतं.

“इतकं ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या, “आणि वर मलाच म्हणे, उशीर केलास!”

नऊ दिवसांत त्या प्रथमच हसल्या. हसता हसता डोळे काठोकाठ भरले, आणि काठावरच थांबले.

मग त्या उठल्या. अंगणात गेल्या. टाचा उंचावून त्यांनी स्वतःच्या हातांनी फडक्याची गाठ सोडली.

“न्या,” म्हणाल्या. “कुठवर जायचं ते त्यांना कळतं.”

दहाव्याला केतकी आणि नातू नौकेवर गेले. बाई गेल्या नाहीत. गावच्या किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, एकट्याच उभ्या राहिल्या.

कुणी काय दिलं? नौदलानं नौका दिली, बिगुलाचे सूर दिले. लेफ्टनंटानं सलामी दिली. अनंतरावांनी घरोघर खबर दिली, तीही न मागता. गावाच्या वाट्याला मान आला. सागराच्या वाट्याला माणूस आला. आणि जिनं तो दिला, तिच्या पावलांखालची वाळू प्रत्येक लाट मूठभर नेत होती, अजून मूठभर, अजून मूठभर. टाचा रुतत होत्या, फेस विरत होता, आणि ती उभी होती, उभीच होती.