भिवराबाईंची लोकर

भिवराबाई दिवाळीआधी ऊसतोडीला निघाल्या, तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या, हरिबांच्या हाती तीन किलो काळी लोकर देऊन गेल्या. त्यांच्या लेकीचं, रोहिणीचं, बाळंतपण उन्हाळ्यात होतं. तिच्यासाठी घोंगडं करायचं होतं. पाटोद्याच्या आसपास हरिबांसारखं सूत कोणी कातत नाही. सून म्हणून सांगत नाही, विणकरच सांगतात.

लोकर पिंजून कातायला तिच्या लांबट वळ्या, पेळू, करायचं काम माझं. पोतं उन्हात घालायचं मी आज-उद्या करत राहिले. संक्रांतीला उघडलं तर अर्धा किलो तरी लोकर कसरीच्या किड्यांनी खाल्लेली. सांगितलं असतं तर मामा, म्हणजे सासरे, दोन शब्द बोलले असते, एवढंच. पण चारचौघांत त्यांच्या तोंडून माझं कौतुक ऐकायची मला चटक लागली होती. मी नवऱ्याचा जुना काळा स्वेटर उसवला, त्याच्या धाग्यांचा चुरा केला आणि उरलेल्या लोकरीत पिंजून टाकला. स्वेटर आठवडी बाजारातला. त्यात मेंढीचा एक केससुद्धा नव्हता.

मामा चरख्यावर बसले. धागा तुटायचा, ते जोडायचे, परत तुटायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अंजू, ह्यात कायतरी येगळं हाय. बोटाला धरतच न्हाई."

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. मी फटकन बोलले, "लोकर तीच हाय, मामा. तुमची बोटंच गेली आता."

साठ वर्षं कातलेला माणूस. भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बोटं धोतराला पुसली, पेळू चाचपला, परत पुसली. आणि माझ्यावर विश्वास ठेवला. उरलेलं सूत मीच कसंबसं कातलं. लाजेनं त्यांच्याकडे बघवत नव्हतं, तरी कातलं.

चैत्रात भिवराबाई आल्या. सुताची लडी हातात घेताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी काही बोलायच्या आत मामांनी हात जोडले.

"सूत माझ्या हातानं बिघडलं. पोरीला बोल लावू नका."

भिवराबाईंना गलबलून आलं. वय झालं, चालायचंच, म्हणाल्या. पुढच्या साली लोकर अंजूच्याच हाती देऊ. मामांनी मान डोलावली, उठले आणि चरखा उचलून माझ्यासमोर आणून ठेवला.

आता तरी सांग, असं स्वतःला बजावत मी तोंड उघडलं.

"चहा ठेवते," मी म्हणाले.