साखर बेचाळीस

धाकट्याने अट घातली होती. "आई, तू एकटी विमानाने माझ्याकडे ये. कुणाची मदत न घेता नीट पोचलीस, तर घर विकायचा विषय मी पुन्हा काढणार नाही." थोरला फोनवरूनच म्हणाला, "मान्य." दोघांना वाटलं असणार, म्हातारी विमानतळाच्या दारातूनच माघारी येईल. माझ्या पोटचे, पण मला ओळखत नाहीत.

घर माझं आहे. हे गेल्यापासून आठ वर्षं मी त्यात एकटी राहते आणि एकटीच राहणार. एवढं सिद्ध करायला मी सतराव्या रांगेत खिडकीशी बसले होते. शेजारी एक उंच गृहस्थ. न विचारता त्यांनी माझी पिशवी वरच्या कप्प्यात ठेवली. मी आभार मानले नाहीत. सांगितलं होतं कुणी?

मला बरीच वर्षं मधुमेह आहे. घरी कुकर बंद केला की मी पोटात इन्सुलिनची सुई टोचते आणि वाफ जिरेपर्यंत ताट घेते. सुई आणि घास यांत पंधरा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. विमानात कुकर कुठला? मागून गरम जेवणाचा वास आला. मान वळवून बघितलं तर जेवणाची गाडी तीन रांगांवर होती. पर्समधली सुई काढून शालीआड टोचून घेतली.

आणि विमान हादरायला लागलं. पट्टे बांधा, जागेवर बसा, अशी घोषणा झाली. ती गाडी जशी आली तशी मागे गेली आणि पडदा ओढला गेला.

बिस्किटांचा पुडा वरच्या पिशवीत. साखर मोजायचं यंत्रही तिथेच. डोक्यावर बटण होतं, दाबलं की कुणीतरी येतं. मी दाबलं नाही. उभ्या जन्मात मी कुणाकडे खायला मागितलेलं नाही. मी वाढते, लोक मागतात. आणि आज मागितलं तर अट मोडली. म्हटलं, गाडी येईल आता. अर्धा तास गेला तरी पडदा हलला नाही.

तळव्यांना घाम सुटला. ओठ बधिर झाले. खिडकीतून दिसणाऱ्या एका पंखाचे दोन झाले. पुढचं मला आठवत नाही. शेजारच्या गृहस्थांनी नंतर सांगितलं, की मी त्यांचं मनगट धरून म्हणत होते, "अहो, उठा ना. दूध उतू गेलं." ते उठलेच नाहीत म्हणून मी त्यांना चांगलं झापलंही म्हणे. मग बटण त्यांनी दाबलं.

शुद्ध आली तेव्हा तोंडात गोड रस होता आणि एक हवाई सुंदरी गुडघ्यांवर बसून माझी हनुवटी धरून होती. पोरीच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आजी, गिळा. अजून एक घोट."

"मी तुझी आजी नाही."

"बरं. मग बाई, गिळा."

विमानात डॉक्टर आहे का म्हणून विचारलं, तर एकच उभा राहिला, तोही दातांचा. त्याने माझी पिशवी उतरवून यंत्र काढलं, बोट टोचलं आणि आकडा वाचला. "बेचाळीस."

"दातांच्या डॉक्टरला साखरेतलं काय कळतं?" मी विचारलं.

"साखरेतलंच तर कळतं, मावशी. माझा धंदा तिच्यावरच चालतो."

तेवढ्यात हवाई सुंदरी मागच्या भिंतीवरच्या फोनवर बोलून आली. "कॅप्टन विचारतायत, वाटेत उतरावं लागेल का?"

दातवाल्याने माझ्याकडे बघितलं. "एवढं टोचून बोलतायत म्हणजे सुधारतायत. खायला द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजू."

पुन्हा मोजली तेव्हा एकशे चार भरली. सगळे आपापल्या जागी गेले. ती मात्र उंच गृहस्थांना उठवून माझ्याशेजारी बसली. एका हाताने माझी नाडी धरलेली, दुसऱ्या हाताने कागद भरत होती. नाडी मोजून झाली तरी हात सोडला नाही. मीही ओढून घेतला नाही. माझा हात इतका वेळ शेवटचा कुणी धरला होता, हे आठवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

"घरी कोण कोण असतं?"

"दोन मुलगे, दोन सुना, चार नातवंडं."

"सगळे एकत्र?"

"छे. एक या टोकाला, एक त्या टोकाला."

"मग घरी कोण असतं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. "घरी मी असते."

तिचं पेन थांबलं. "असं आधी झालंय कधी?"

झालं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा स्वयंपाकघराच्या फरशीवर जाग आली, तेव्हा पातेलं जळून काळं झालं होतं. ते मी फेकून दिलं, नवीन आणलं आणि दोघांनाही फोनवर सांगितलं, सगळं छान आहे.

"नाही," मी म्हणाले. मग तिचा हात अजून मनगटावर होता म्हणून म्हणाले, "दोनदा."

तिने लिहिलं. "बाई, हा कागद खाली विमानतळावरच्या डॉक्टरांना द्यावा लागतो. एक प्रत तुमची. मुलाला दाखवा."

"मुलाला तू सांगायचं नाहीस."

"नाही सांगणार. तुम्ही सांगा."

खालच्या डॉक्टरने तपासून सोडलं. बाहेर धाकटा उभा होता. कागद माझ्या मुठीत होता, चार घड्या घातलेला. वाटेभर मी ठरवलं होतं. तो विचारील, मी टाळीन, तो खोदून विचारील. लहानपणी खोदून खोदून विचारायचा. मग मी मूठ उघडीन. घर गेलं तरी चालेल.

"कसा झाला प्रवास?"

"झाला."

"काही त्रास?"

मी मूठ आवळली. "कसला त्रास?"

"वा!" त्याने सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला, खांदे खाली आले त्याचे. गाडीकडे चालता चालताच थोरल्याला फोन लावला. "दादा, आई एकदम ठणठणीत. आपण उगाच घाबरत होतो. राहू दे तिला तिच्या घरी, मस्त राहील." पलीकडून थोरला हसल्याचं मलाही ऐकू आलं. किती दिवसांनी दोघं भाऊ असे हलके होऊन बोलत होते.

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "जिंकलीस तू. परतीचं तिकीटही एकटीचंच काढतो मग. मला सुट्टी मिळणं कठीण आहे."

"काढ की," मी म्हणाले. "मला काय होतंय?"

त्याने गाडीचं दार उघडलं. मी कागद पर्समध्ये सारला, चेन लावली आणि मागच्या सीटवर बसले. पुढच्या सीटवर त्याची ऑफिसची बॅग होती.