उपरण्याची गाठ

अनंतबुवांनी आठ वर्षं आपलं दुखणं उपरण्याखाली झाकलं. कीर्तनाला उभं राहण्याआधी ते रुमालाची घडी डाव्या जांघेवर ठेवत आणि वरून उपरणं करकचून आवळत. मुलुंडच्या दत्तमंदिरातली माणसं कौतुकानं म्हणत, "साठी उलटली, पण बुवा बघा कसे कंबर कसून उभे!" त्या घडीनं हर्निया दाबून धरलेला आहे, हे एका दत्तमहाराजांनाच ठाऊक.

चैत्रातल्या उत्सवात मात्र जयघोषाच्या वरच्या सुराला हर्निया बाहेर आला आणि आत जाईना. मागे झांज धरून उभ्या असलेल्या गंधालीनं बापाचा पांढराफटक चेहरा पाहिला. थोड्या वेळानं तो आत गेला, पण लेकीनं दुसऱ्याच दिवशी त्यांना डॉक्टर दीप्तींसमोर नेऊन बसवलं.

"आठ वर्षं?" डॉक्टर म्हणाल्या.

"देवाच्या दारात उभं राहून कुरकुर कशी करायची?"

"लपवा म्हणून देवानं सांगितलं होतं का, बुवा?"

बुवांनी उपरण्याची गाठ चाचपली.

त्यांना खरी भीती हर्नियाच्या भोकावर आतून बसवतात त्या जाळीची होती. त्यांचा पेटीवाला कुंडलिक, विक्रोळीचा, तीस वर्षांचा सोबती. दोन वर्षांपूर्वी त्याला जाळी बसवली, आणि तेव्हापासून वाकलं की आत कळ येई. "मांडी घालून पेटी वाजवणारा माणूस मी," तो म्हणायचा, "आता खुर्चीत बसतो, नवरदेवाच्या रुसलेल्या काकासारखा. तू नको रे घालून घेऊस." बुवांचं कीर्तन तर उभ्यानंच व्हायचं. अशी कळ घेऊन दोन तास उभं राहायचं कसं?

डॉक्टरांनी काही झाकून ठेवलं नाही. "जाळीनं बहुतेकांचं चांगलंच होतं. कुंडलिककाकांसारखं थोड्यांचं होतं. त्यांनाही घेऊन या, बघू. तुमच्यासाठी दुसरी वाट आहे. तुमच्याच पोटाच्या स्नायूवरच्या पडद्याची पट्टी, दोन्ही टोकं जागच्या जागी ठेवून, त्या भोकावर शिवायची. परकं काही राहत नाही. पण हर्निया पुन्हा होण्याचा धोका थोडा जास्त असू शकतो. आणि आठ वर्षांत तो पडदा झिजला असेल, तर मला जाळीच घालावी लागेल. ते उघडल्यावरच कळेल."

पट्टीचं ठरवून घरी आल्यावर बुवा देवापुढे बसले. मागणं मागायला तोंड उघडेना. ज्याच्या नावाखाली लपवाछपवी केली, त्याच्याकडे आता धड पडदा मागायचा?

शस्त्रक्रिया तेवढाच भाग बधिर करून झाली. बुवा जागे होते. समोर धरलेल्या हिरव्या कापडाआडून डॉक्टरांचा आवाज आला, "पडदा पातळ झालाय... पण पट्टी निघेल. शिवते." बुवांच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरलं.

टाके घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "बुवा, आता जोरात खोका. शिवण धरते का बघू."

बुवांना खोकताच येईना. आठ वर्षं त्यांनी खोकला गिळला होता, नाहीतर आधी हातानं जांघ दाबून धरली होती. आताही हात नकळत खाली सरकला.

नर्सनं तो पटकन धरला. "हात इकडे, बुवा! दाबायचं नाही."

"सुटेल हो."

"सुटलं तर आत्ताच सुटू दे," डॉक्टर म्हणाल्या. "मी इथेच आहे."

बुवांनी डोळे मिटले आणि खोकले. मग आणखी एकदा, पोटातून.

"धरलं," डॉक्टर म्हणाल्या.

दोन महिने ताण बंद होता. ते सरल्यावर डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली. गुरुवारी बुवा देवळात आले तेव्हा कुंडलिक खुर्चीत बसून पेटीचा भाता हलवत होता. त्याची तपासणी येत्या सोमवारी होती.

गंधालीनं काळजीपोटी रुमालाची घडी पुढे केली. बुवांनी ती देवाच्या पायाशी ठेवली.

"उपरणं तू बांध गं. सैल बांध."

"सुटेल ना, बाबा."

"सुटलं तर सुटू दे. आज आधी लोकांना माझीच लबाडी सांगणार आहे."

जयघोषाची वेळ आली. वरच्या सुराआधी बुवांचा डावा हात सवयीनं जांघेकडे निघाला. गंधालीनं वाटेतच त्या हातात चिपळ्या दिल्या.