रगताचा रांजण

हिंगणीला श्रावणची भाजीची वाडी होती. एकोणऐंशीच्या हिवाळ्यात तिथल्या विहिरीवर जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे गावच्या शाळेतही कधी विचारले गेले नसतील. याला कारण कमला.

सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजची पहिल्या वर्षाची मुलं-मुली शाळेत शिबिराला उतरली होती आणि पिण्याचं पाणी या विहिरीवरून नेत होती. बाकीचे बादल्या भरून चालू पडत. कमला थांबायची. बाया बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत, मुळे धूत बसलेल्या असायच्या. ही त्यांच्यात बसून जुड्या बांधू लागायची. आर्वीच्या एका मास्तरांची मुलगी, अंगानं काटकुळी, खादीची साडी कमरेला खोचलेली.

पहिल्याच दिवशी शेजारच्या वाडीतल्या भैय्याजीनं तिला गाठलं. "डॉक्टरीणबाई, माह्या कमरेवर काईतरी लिहून द्या."

"मी डॉक्टर नाही हो काकाजी. औषधातलं मला काही कळत नाही. धडधाकट माणसाचं शरीर कसं चालतं, तेवढंच आतापर्यंत शिकले."

"म्हणजे पाव डॉक्टरीण! बिमार पडलो त कामाची नाई, चांगला असलो त कामाची."

सगळ्या हसल्या, तीही हसली, आणि त्या दिवसापासून तिचं नाव पावडॉक्टरीण पडलं. पण प्रश्न सुरू झाले ते थांबेनात. उचकी काऊन येते? कमलानं ओला हात छातीखाली आडवा धरला. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, तो दचकल्यासारखा आखडतो, हवा आत ओढली जाते आणि तेवढ्यात गळ्यातलं झाकण फट्‌कन मिटतं. त्याचा तो आवाज.

"म्हणजे कोणी आठवण काढत नाई?" भैय्याजीनं विचारलं.

"काढतही असेल. पण पडद्याला ते कळत नाही."

एकाची जांभई दुसऱ्याला कशी लागते, यावर मात्र तिनं हातातली जुडी सोडून पुन्हा बांधली. मग म्हणाली, "माहीत नाही. शिबिरातल्या मास्तरांना विचारून सांगते." दुसऱ्या दिवशी येऊन तिनं सांगितलं, की मास्तरांनाही पक्कं माहीत नाही.

श्रावण पाटाचं पाणी वळवता वळवता हे सगळं ऐकत होता. शिकलेली माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती. तहसीलातली, बँकेतली, मतं मागायला येणारी. त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून 'माहीत नाही' हे दोन शब्द त्यानं ऐकले नव्हते. या पोरीला ते म्हणताना काही वाटत नव्हतं, आणि म्हणूनच तिला जे माहीत होतं त्यावर त्याचा भरवसा बसत चालला होता.

त्यालाही एक प्रश्न विचारायचा होता. पण तो विहिरीवर चारचौघांत विचारण्यासारखा नव्हता.

त्याची बायको गोपिका घरात निजून होती. वर्षभर तिच्या अंगावरून जास्त जात होतं. आधी तिनं ते लपवलं, मग ती भाजीची पाटी उचलताना दोनदा चक्कर येऊन पडली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पिशवीत गाठ आहे, काढावी लागेल; पण अंगात रक्तच नाही, आधी घरच्या माणसांचं रक्त पाहिजे, दोन बाटल्या. गोपिकाचा भाऊ प्रेमदास लगेच तयार झाला. श्रावणचं रक्त तपासलं, तेही जुळलं. ऑपरेशन शुक्रवारी ठरलं. गुरुवारी त्यानं जायचं होतं.

आणि त्याची माय, चतुराबाई, नाही म्हणत होती.

"तुह्या बापाचं रगत काढलं अन् दुसऱ्या दिवशी बाप गेला. म्या डोयानं पाह्यलं. रगत म्हणजे रांजण हाय. मायनं पोटात असतानी भरून देल्ला, थो जन्मभर पुरवा लागते. त्यातलं काढलं का आयुष्य कमी होते."

श्रावण मायला भीत नव्हता. पण रांजणाची गोष्ट त्यानं लहानपणापासून ऐकली होती, आणि विहीर खोदताना सुरुंगाला न भिणारा हा माणूस बाटलीच्या नावानं रात्रभर कूस बदलत होता. एकीकडे गोपिकाचे पांढरे पडलेले ओठ, दुसरीकडे तो रांजण. आपण भितो हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं. तिनंही विचारलं नव्हतं, आणि तेच त्याला जास्त टोचत होतं.

बुधवारी सकाळी तो कुदळ टाकून बायांच्या घोळक्याजवळ आला. चतुराबाई तिथंच मुळ्यांची माती काढत होती.

"बाई, नख कापलं त पुन्हा येते. मंग दात काऊन नाई येत?"

कमलाचे डोळे चमकले. "छान विचारलंत. नखाच्या मुळाशी नख तयार करणारी जागा जिवंत असते, जन्मभर. केसाचंही तसंच. दाताचा कारखाना दुसरा दात आला की बंद होतो."

"कातडी?"

"येते. खरचटलं की भरतं ना."

"बोट तुटलं त?"

"नाही येत."

"म्हणजे काई येते अन् काई येत नाई." श्रावणनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "अन् रगत?"

चतुराबाईचा हात थांबला. बायांनी माना वर केल्या. श्रावणच्या घरातलं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बायांकडून ते रांजणासकट कमलाच्याही कानावर गेलं होतं.

"रक्त येतं," कमला म्हणाली. "छातीचं हाड, बरगड्या, मणके, कमरेचं हाड, यांच्या आत मऊ लाल मगज असतो. तिथं ते रात्रंदिवस तयार होत असतं. जुनं मरतं, नवं येतं."

"पोथीत लिहेल असन," चतुराबाई म्हणाली. "तू देल्लं काय कधी?"

"नाही."

"काऊन?"

कमला कानापर्यंत लाल झाली. हातातली जुडी तिनं खाली ठेवली. "मले भेव वाटते, आजी." आर्वीची बोली अशी मध्येच निसटली.

भैय्याजी खो-खो हसला. "घ्या! पाव डॉक्टरीण अन् पाव हिंमत!"

श्रावण हसला नाही. खोटं बोलली असती तर कोणाला कळणार होतं? मायचं तोंड बंद झालं असतं, काम झालं असतं. तरी ती खरं बोलली. म्हणजे हाडांच्या आतलंही खरंच असलं पाहिजे.

कमला उठून विहिरीच्या काठाशी गेली, आत वाकून पाहू लागली. "श्रावणभाऊ, इंजिन लावून तुम्ही हिचं पाणी रोज उपसता. मग ही कोरडी काऊन नाई पडत?"

"कोरडी?" श्रावणला राग आला. विहिरीबद्दल असं कोणी बोललेलं त्याला खपत नसे. "झिरे हाय तिले! चांगले तीन झिरे. संध्याकाळी उपसली का सकाळी भरून असते."

"अन् रांजण?"

"रांजणाले कुठचे झि..." तो थांबला.

"मी तेच सांगून राह्यली," कमला म्हणाली. "रक्ताला झिरे आहेत."

बायांमध्ये कुजबुज झाली. पण चतुराबाई काही इतक्यात हार मानणारी नव्हती. "चैत-वैशाखात झिरेही आटते, माय. मंग?"

हा प्रश्न कमलाला अपेक्षित नव्हता. तिनं पुन्हा विहिरीत वाकून पाहिलं, आणि श्रावणचा जीव टांगणीला लागला.

"खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "आटतात. माणूस अशक्त असला तर रक्तही हळू भरतं. म्हणून तर आधी तपासतात. श्रावणभाऊचं तपासलं, भरपूर आहे. वहिनींचे झिरे चालू आहेत, आजी, पण भरतं त्याच्यापेक्षा जास्त उपसा होऊन राह्यला. वर्षभर. तो उपसा थांबवायला ऑपरेशन, आणि तोवर निभवायला ह्या बाटल्या."

"अन् याचा बाप? रगत काढलं अन् दुसऱ्या दिवशी गेला थो."

"त्यांचं किती काढलं होतं?"

"सुईत आलं तेवढं."

"लोटाभर पाण्यानं विहीर आटत नाही. ते आधीच फार आजारी असतील. कशानं गेले ते मला नाही सांगता येणार. सांगितलं तर खोटं होईल. पण त्या सुईनं गेले नाहीत."

चतुराबाईनं हातातला मुळा खाली ठेवला. "याचं किती दिवसांत भरन?"

"पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत. लाल भाग पुरा व्हायला महिना-दीड महिना. पहिले काही दिवस जड काम नको."

म्हातारीनं तो मुळा पुन्हा उचलला. मुळे आता ती पहिल्यापेक्षा जोरात घासू लागली.

गुरुवारी गोपिकाला घेऊन श्रावण एस.टी.त बसला, तेव्हा चतुराबाईही काखेत गोधडी मारून चढली. "म्या पाहीन किती काढते थे," एवढंच बोलली.

दवाखान्यात प्रेमदासचं आटोपलं होतं. श्रावणला खाटेवर निजवलं. शेजारच्या खाटेकडे त्यानं मान वळवली, तर तिथं कमला. शिबिर आटोपून मुलं कालच कॉलेजात परतली होती.

"तुम्ही काऊन?"

"आधी वजनात नापास होते का पाहिलं," ती म्हणाली. "जेमतेम भरलं. कालपासून डोक्यात तेच होतं, तुम्हाला सांगायचं आणि स्वतः नाही द्यायचं, हे बरं दिसत नाही." तिचा चेहरा चादरीसारखा पांढरा झाला होता आणि डोळे घट्ट मिटलेले.

श्रावणला वाटलं, हिच्याशी बोलत राहावं. मुलीला बरं वाटेल, आपल्यालाही. "बाई, भेव वाटलं का हात थंडे काऊन पडते?"

कमलानं डोळे उघडले नाहीत. पण शब्द येऊ लागले. "कातडीखालच्या बारीक नळ्या आक्रसतात... रक्त आतल्या मोठ्या स्नायूंकडं जातं... पळायची वेळ आली तर पाय तयार पाहिजेत म्हणून."

"म्हणजे आपल्या दोघायचे पाय आता तयार हाय."

ती हसली, आणि त्या हसण्यातच सुई आत गेली. श्रावणलाही टोचलं. तेवढंच. त्यानं पाहिलं, नळीतून काळपट लाल धार बाटलीत उतरत होती, आणि आपण अजून होतो तिथंच होतो.

चतुराबाई खाटेच्या पायथ्याशी उभी राहून बाटलीवर नजर ठेवून होती. भरल्यावर नर्सनं ती उचलली तसा म्हातारीनं तिचा हात धरला, दुसऱ्या हाताचा तळवा काचेला लावला.

"ऊन हाय व माय," ती हळूच म्हणाली. "कुठं नेता?"

"फ्रिजमध्ये ठेवू आजी. उद्या लागेल."

"थंड्यात?" ती गर्रकन कमलाकडे वळली. दंडाला कापूस दाबून कमला नुकती उठून बसली होती. "पोरी, हे थंडगार रगत गोपिकाच्या अंगात जाईन त तिले हीव नाई भरणार?"

रक्ताविषयी चतुराबाईचा हा पहिला प्रश्न होता, ज्यात श्रावण नव्हता, सून होती. श्रावणला ते कळलं, आणि त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

"आधी थोडा वेळ बाहेर ठेवतात, मग देतात, आजी. हळूहळू, थेंबाथेंबानं."

"असन. तरी गोधडी राहू दे जवळ."

शुक्रवारी दुपारी गोपिकाला बाहेर आणलं. डॉक्टर म्हणाले, गाठ निघाली, रक्तस्राव आता थांबेल, धोका टळला. ओठांवर किंचित रंग होता. श्रावण त्या रंगाकडेच पाहत राहिला. गोपिकाचे दात मात्र कडकड वाजत होते, सारं अंग थरथरत होतं. चतुराबाईनं गोधडी झटकून तिच्यावर घातली, चारी बाजूंनी खोचली, आणि वर्गातून पळत आलेल्या कमलाकडे वळली.

"पाह्य! म्या म्हटलं होतं का नाई?"

"आजी, ती थंडी रक्ताची नाही. भूल उतरताना पुष्कळांना अशीच..."

"असन तसंच. पांघरूण त लागते ना?"

"लागते," कमला म्हणाली, आणि गोधडीचं राहिलेलं टोक तिनं गोपिकाच्या पायाखाली खोचलं.