एका बंकवरचे दोघे

पाणबुडीवर त्याला सगळे कानसेन म्हणायचे. कानाला हेडफोन लावून समुद्रातले आवाज ओळखायचे, हे त्याचं काम. बोटीत जागा इतकी कमी, की दोघांत मिळून झोपायला एकच बंक. कानसेन पाळीवरून येऊन आडवा व्हायचा, तेव्हा त्याच अंथरुणातून तात्या वायरमन कामावर जायला उठलेला असायचा. तात्या वयाने लहानच, पण न विचारता सगळ्यांना सल्ले द्यायचा, म्हणून तात्या.

या फेरीत तात्या बोलेनासा झाला. आधी सल्ले बंद झाले, मग जेवण. कानसेन उठवायला जायचा, तर हा भिंतीकडे तोंड करून टक्क जागा.

"ऊठ रे, तुझी पाळी."

"वरून पाणी दाबतंय," तात्या पुटपुटला. "ऐकू येत नाही तुला? कसला कानसेन तू!"

कानसेन तडक उपकप्तानांकडे गेला. ते जेवत होते.

"साहेब, तात्याचं काही खरं नाही. झोप नाही, खाणं नाही. किनाऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारा."

"एका माणसाच्या मूडसाठी संदेश पाठवून बोटीचा ठावठिकाणा उघड करू?"

"मग निदान त्याला कामावरून उतरवा."

"आणि त्याची पाळी कोण करणार, तुझा काका? घरची आठवण येत असेल. सगळ्यांनाच येते. हे काय पाळणाघर आहे?"

पुढे दोन-तीन दिवसांतच तात्या काम टाकून शिडीवर चढला आणि वरच्या झाकणाचं चाक फिरवायला लागला. "मला वर जायचंय, सोडा मला!" इतक्या खोलवर पाण्याच्या दाबाखाली ते झाकण उघडणं शक्यच नव्हतं, तरी सगळे धावले. चौघांनी त्याला ओढून खाली आणलं. त्यात त्याचं कपाळ फुटलं. उपकप्तानांनी त्याचे हात बंकला बांधायला लावले. उरलेली सगळी फेरी कानसेन खाली जमिनीवर झोपला. रोज तो तात्याला चमच्याने पाणी पाजायचा आणि उपकप्तानांना मनातल्या मनात शिव्या घालायचा.

बंदरात आल्यावर तात्याला इस्पितळात हलवलं आणि त्याच्यावरच चौकशी बसली. शिस्तभंगाची! चौकशीला नौदलाचे मोठे साहेब समोर बसले होते. उपकप्तान शांतपणे म्हणाले, "आधी कुणालाच कल्पना नव्हती. कामचुकारपणाची नाटकं होती ती."

कानसेन ताडकन उठला. "खोटं बोलताय! मी आलो होतो तुमच्याकडे. पाळणाघर आहे का, म्हणालात!"

"आवाज खाली," मोठे साहेब गरजले.

"खालीच ठेवला, साहेब, आजवर." तो उपकप्तानांकडे वळला. "बोटीत चमचा पडला तरी अंगावर धावून येता, शत्रू ऐकेल म्हणून. माणूस डोळ्यांदेखत मोडत होता, ते मी तोंडाने सांगितलं तरी ऐकू गेलं नाही तुम्हाला!"

मग मागून बोटीचा आचारी उठला. मान खाली घालून म्हणाला, "हा सांगायला आला, तेव्हा मी साहेबांना वाढत होतो. मी ऐकलंय."

तात्यावरचा आरोप मागे घेतला गेला. तो आजारी होता, हे मान्य झालं. उपकप्तानांना काय झालं? काही नाही. बढती मिळाली, किनाऱ्यावर बंगला मिळाला. आणि कानसेनला बोटीवरून उतरवून गोदामात टाकलं. कारण काय, तर स्वभाव तापट.

तो इस्पितळात गेला, तेव्हा तात्या औषधाच्या गुंगीत होता. मनगटांवरचे वळ अजून गेले नव्हते. त्याची बायको उशाशी बसून त्यांवर मलम लावत होती.

"आमच्यापायी तुमचं नुकसान झालं, भावजी."

"पुन्हा असं म्हणालात, तर पाय ठेवणार नाही इथे, वहिनी."

तिने मलमाचं झाकण घट्ट लावलं. "त्या साहेबांचं घर माहीत आहे तुम्हाला?"

"कशाला?"

"जायचंय मला. आत्ता."

बंगल्याचं दार उपकप्तानांनीच उघडलं. पायात सपाता, हातात चहाचा कप. कानसेनला बघताच ते दार लोटायला लागले. वहिनींनी उंबऱ्यात पाय रोवला.

"मी तात्याची बायको. एवढंच सांगा, बांधल्यावर एकदा तरी त्याच्याजवळ गेला होतात?"

उपकप्तानांनी पुन्हा दार लोटून पाहिलं.

"गेला होतात का?"

"बोट चालवायची असते, बाई," ते कसेबसे म्हणाले.

"हे त्याला शुद्ध आली की त्याच्या तोंडावर येऊन सांगा. नाही आलात, तर मी रोज येईन इथे. शेजारपाजार गोळा होईपर्यंत विचारीन."

ते आले नाहीत. ती मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन त्या दारात उभी राहिली. कानसेन गोदामातून रजा टाकून तिच्या शेजारी उभा होता.