सगुणच्या बोटाचा थेंब

मी एक ग्लुकोमीटर. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब माझ्या पट्टीला लावायचा, आणि पाच सेकंदांत मी साखरेचा आकडा सांगतो. खोटं बोलायची सोय माझ्यात बसवलेली नाही. म्हणूनच माणसांचं आणि माझं फारसं कधी जमलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलंय. आजवर कुणी वाचलं नाही. माझ्यासोबत एक माहितीपुस्तिका आली होती, तीही बरेच दिवस घडीतच होती. माणसं यंत्र घेतात ती त्याचं ऐकायला नव्हे, तर घरात आहे असं चार लोकांना सांगायला. हे मला फार लवकर कळलं.

मला म्हापशाहून आणलं गौरवीने, आपल्या बाबांसाठी. बाबा म्हणजे केरीचा सगुण. उमेदीची सगळी वर्षं त्याने डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवला. खाणी बंद पडल्या तसा तो घरी आला आणि किनाऱ्याजवळच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देऊ लागला. बसून राहिला, पोट सुटलं, साखर लागली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सकाळ-संध्याकाळची गोळी लिहून दिली आणि सांगितलं, दर आठवड्याला तपासत जा.

पहिल्या दिवशी मी सांगितलं, दोनशे अडतीस.

"मशीन बिघडलेलां आसा," सगुण म्हणाला आणि त्याने दुसरं बोट पुढे केलं. दोनशे एकेचाळीस.

त्याची बायको देवकी शेजारीच उभी होती. तिने स्वतःचं बोट टोचून घेतलं. मी म्हटलं, सत्त्याण्णव.

"तुमचांच बोट लागला की बरां बिघडतां," ती म्हणाली आणि भाजी चिरायला निघून गेली.

देवकी मला त्या दिवसापासून आवडली. बाकीच्यांविषयी न बोललेलं बरं. सगुण तपासणीच्या आदल्या दिवशी भात सोडायचा, संध्याकाळी दोनदा किनाऱ्यावर फेऱ्या मारायचा, आणि सकाळी माझ्यावर चांगला आकडा आला की त्याच आनंदात गोड चहात पोईचा पाव बुडवून खायचा. मला वाटायचं, हा मला फसवतोय की स्वतःला? गणेशचवथीला पाहुणे आले तेव्हा तर प्रत्येकाने मला बोट दाखवलं, जसा काही मी ज्योतिषी. ज्याचा आकडा चढा आला तो म्हणाला, "नेवऱ्यो खाल्ल्यो म्हणान," म्हणजे खापर करंज्यांवर. ज्याचा बरा आला तो म्हणाला, "माका म्हायतच होतां." देवकी बिचारी प्रत्येकाला सुई बदलत बसली.

तरीही गोळ्या चालू होत्या. आकडा हळूहळू दीडशेच्या आत येत होता. आणखी थोडे महिने मला सहन केलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

गौरवी हरमलच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करायची. तिथे सेजल मॅडम यायच्या. मॅडम मूळच्या पेडण्याच्याच. मध्ये काही वर्षं बाहेर होत्या, तिथे कसलासा कोर्स केला आणि परत येऊन समग्र पोषण सल्लागार झाल्या. हरमलमधल्या त्यांच्या दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'तुमच्या प्रकृतीनुसार, फक्त तुमच्यासाठी'. गौरवीला वाटलं, बाबा डॉक्टरचं ऐकत नाहीत, निदान यांचं ऐकतील. तिने बाबांची फाईल पिशवीत घातली, मलाही घातलं, आणि बाबांना स्कूटरवर मागे बसवून नेलं.

खरं तेच सांगायची सवय आहे म्हणून सांगतो, मॅडमनी सगुणचं दीड तास ऐकून घेतलं. दवाखान्यातल्या डॉक्टरला एवढा वेळ कधीच मिळाला नव्हता. ट्रकवरचे दिवस, खाण बंद पडली ती सकाळ, घरी बसल्यावर लोक कसे बघायचे ते, सगळं सगुण बोलला. बायकोला कधी सांगितलं नव्हतं तेही बोलला. त्याचे डोळे भरून आले. त्या दीड तासात तो मॅडमचा झाला.

मग मॅडमनी त्याची जीभ पाहिली. आवडता रंग विचारला. लहानपणी अंधाराची भीती वाटायची का, हेही विचारलं. माझ्या पोटात साठवलेले चाळीस आकडे मात्र कुणी विचारले नाहीत. गौरवीने मला बाहेर काढलं तेव्हा मॅडमनी दोन बोटांनी मला बाजूला सरकवलं.

"हे यंत्र काही दिवस दूर ठेवू या. आकडा पाहिला की मनावर ताण येतो, आणि ताणानेच साखर वाढते."

म्हणजे घराला आग लागली की आधी हाक मारणाऱ्याचं तोंड बांधायचं.

"आणि गोळ्या, मॅडम?" गौरवीने विचारलं.

"गोळ्यांबद्दल मी काही सांगणार नाही. तुमच्या शरीराला विचारा, काका. ते उत्तर देतं."

सगुणने घरी येऊन शरीराला विचारलं. शरीराने लगेच उत्तर दिलं की गोळ्या नकोत. सगुणच्या शरीराला त्या कधीच आवडत नव्हत्या.

जाड कागदावर एक तक्ता आला. वर वेलबुट्टी, खाली सगुणचं नाव. सकाळची पेज बंद, कारण भात. माशांचं हुमण बंद, कारण आंबट-तिखटाने दाह होतो. त्याऐवजी फळांचा रस, खजूर आणि मधाचे लाडू. नैसर्गिक गोडी ही साखर नव्हे, असं मॅडमचं म्हणणं. मला मध, खजूर आणि दुकानातली साखर यांतला फरक रक्तात कधीच सापडला नाही, पण मला कोण विचारतो? शिवाय रोज पहाटे ओल्या वाळूवर अनवाणी चालायचं. जमिनीशी नातं जुळावं म्हणून.

मी गेलो खणात. शेजारी जुन्या चाव्या, मेणबत्तीचे तुकडे आणि खाणीवरचं त्याचं ओळखपत्र.

खणातून दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. सगुणला तहान लागू लागली. तांबेच्या तांबे पाणी पिऊ लागला, तासातासाला उठू लागला. मॅडम फोनवर म्हणाल्या, शरीरातलं विष बाहेर पडतंय. मग त्याचं वजन उतरू लागलं. अडीच महिन्यांत आठ किलो. शेजारचा गुरुदास दारातून ओरडला, "सगुणा, अर्धो झालंस रे! माकाय त्या बाईचो नंबर दी." सगुण हसला. ते हसणं मी ऐकलं. साखर रक्तातच तुंबून अंग उपाशी राहतंय म्हणून वजन उतरतंय, हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी चाव्यांच्या जुडग्याखाली पडलो होतो.

देवकीला मात्र काहीतरी खटकत होतं. "बसल्या बसल्या निजतत," ती गौरवीला म्हणाली. "सुकलेलो माणूस आणि बरो झालेलो माणूस, दोन वेगळे असतत गे."

"आई, थोडा वेळ द्यायला हवा. मॅडम म्हणाल्यात," गौरवी म्हणाली.

डिसेंबर आला. किनाऱ्यावर पर्यटकांची गर्दी, आणि वाळूत त्यांनी फोडलेल्या बाटल्या. पुढचं देवकीने नंतर गौरवीला सांगताना मी ऐकलं. एके सकाळी सगुण चालून घरी आला तर देवकीला फरशीवर पावलागणिक लाल डाग दिसले.

"रक्त खंयचां ह्यां?"

सगुणने मागे वळून पाहिलं. मग पाय उचलून पाहिला. काचेचा तुकडा तळव्यात, अंगठ्याच्या मुळाशी अजून होता. त्याला कळलंच नव्हतं; साखरेने तळव्याची जाणीवच नेली होती.

काच काढून हळद लावली. मॅडमना सांगितलं नाही, डॉक्टरला तर नाहीच. सगुणला वाटलं, एवढ्याशा काचेसाठी तक्ता मोडायला नको. आठवड्याने पायाला वास येऊ लागला. तेव्हा देवकी कुणाला न विचारता खणाकडे आली. तिने मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि नवऱ्याचा हात धरला. सुई टोचली. सगुण अर्धवट झोपेतच होता.

मी पूर्ण ताकदीने सांगितलं. माझ्या मोजमापाची हद्द सहाशे. त्यापलीकडे गेलं की मला आकडा काढता येत नाही, दोनच इंग्रजी अक्षरं दाखवता येतात. सगुणने डोळे किलकिले करून ती वाचली. ट्रकांच्या नंबरपाट्या वाचून एवढं इंग्रजी त्याला यायचं.

"एच, आय," तो हळूच हसत म्हणाला. "बघ गे, माका हाय म्हणतां."

देवकी हसली नाही. तिने आपलं बोट टोचलं. एकशे दोन. मग तिने गौरवीला फोन लावला. "मशीन बापाशीक आकडो दाखवणा नाय. माका दाखवतां. लगेच ये."

गौरवी आली. उभ्या उभ्याच तिने माझ्या पिशवीतली पुस्तिका काढून पहिल्यांदा उघडली. तिला हवं होतं ते चौथ्या पानावर होतं: एच-आय म्हणजे साखर सहाशेच्या वर, लगेच दवाखान्यात न्या. अर्ध्या तासात सगुण म्हापशाच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या सीटवर होता, आणि मी देवकीच्या मुठीत.

तो जगला. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलं.

तो घरी आल्यावर गौरवी मला घेऊन हरमलला गेली. तिने मला मॅडमच्या टेबलावर ठेवलं. तीच वेताची खुर्ची, तोच उदबत्तीचा वास.

"मी गोळ्या बंद करा असं कधीही म्हटलं नव्हतं," ती बोलण्याआधीच मॅडम म्हणाल्या.

"नाही म्हणालात," गौरवी म्हणाली. "मॅडम, तुमच्या आईला साखर आहे ना? तुम्हीच एकदा सांगितलं होतं. ती गोळ्या घेते?"

मॅडमनी टेबलावरचा तांब्याचा पेला उचलला आणि पुन्हा होता तिथेच ठेवला. "तिचं वेगळं आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते."

"ती अनवाणी चालते?"

मी आयुष्यात पुष्कळ रक्त पाहिलं आहे, पण कुणाच्या तोंडावरचं ते असं उतरताना प्रथमच पाहिलं. मला मजा वाटायला हवी होती. पण गौरवी बाहेर आली, स्कूटरला किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली. "मीच नेलं त्यांना," ती म्हणाली. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सगळ्यांना हसणारा मी, तिला हसू शकलो नाही.

आता मी जेवणाच्या टेबलावर असतो. सगुण रोज सकाळी आपणहून बोट पुढे करतो. गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे. वाटीभर पेज आहे आणि दुपारी बांगड्याचं हुमणही. मोजून. आकडा चढला तर तो अजूनही माझ्याशी वाद घालतो, पण वहीत लिहितो.

इंटरनेटवर मॅडमच्या पानावर सगुणचा एक फोटो मात्र अजून आहे. वाळूवर उभा, बारीक झालेला, हसरा. खाली लिहिलंय, अडीच महिन्यांत आठ किलो. तो पाहून मयेच्या मालती नावाच्या बाईने सगुणचा नंबर मिळवून त्याला फोन केला. चाळिशीची असावी. नुकतीच साखर निघालेली. "काका, खरंच फरक पडता?" तिने विचारलं.

सगुणने आपल्या डाव्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाय, फोनार नको. हंय ये."

रविवारी ती दोन बस बदलून आली. सगुणने पायातली खास चप्पल काढली, मोजा उतरवला आणि पाय स्टुलावर ठेवला. ती बराच वेळ पाहत राहिली.

"दुखता, काका?"

"नाय गे," सगुण म्हणाला. "दुखलां असतां तर बरां झालां असतां."

मालतीने डोळे पुसले. मग तिने हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला. देवकीने नवी सुई काढली. आकडा काय आला ते मी सांगणार नाही, तो तिचा आहे. तिने तो नीट पाहिला, दुसरं बोट पुढे केलं नाही, आणि दवाखाना सोमवारी किती वाजता उघडतो ते विचारलं.

माझी गोष्ट एवढीच. मी कुणाला बरं करत नाही, तेवढी माझी लायकीही नाही. माझ्यावर रागवा, वाद घाला. फक्त खणात टाकू नका. आणा, तुमचं बोट द्या पाहू.