ठिगळ लावलेलं हृदय

नात मांडीवर ठेवली तेव्हा बसवालीचे हातच चालेनात. जन्मभर शहराची बस हाकलेली बाई. अरुंद गल्लीत गाडी मागे घेताना कधी आरशाला ओरखडा येऊ दिला नाही, आणि आता दुपट्यातल्या एवढ्याशा जिवापुढे तिची गाळण उडाली. सून म्हणाली, "आई, मानेखाली हात घ्या ना." मुलगा हसला, "मला तूच वाढवलंस ना गं? का शेजाऱ्यांनी?"

त्याला तिनेच वाढवलं होतं. पण त्याच्या आधी एक मुलगी झाली होती, आणि तिला बसवालीने एकदाही हातात घेतलं नव्हतं.

ती निळी पडूनच जन्मली. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या उलट्या जागी जोडलेल्या, शिवाय मधल्या पडद्याला भोक. तिला लगेच काचेच्या पेटीत नेऊन ठेवलं. पेटीला हात घालण्यापुरती गोल खिडकी होती, तिच्यातून एक बोट लावायची परवानगी होती. बोट लावलं की पोरगी ते घट्ट धरायची. मोठ्या डॉक्टरांनी तेव्हा नवीनच असलेली शस्त्रक्रिया केली. बाहेर येऊन त्यांनी स्वतःचं नख दाखवून सांगितलं, "एवढंसं पांढरं ठिगळ लावलंय भोकावर." दोन दिवसांनी पोरगी गेली. तेच डॉक्टर बसवालीच्या खाटेशी खाली मान घालून उभे राहिले. म्हणाले, हृदय आमच्याकडे राहू दे, त्यातून शिकता येईल. तिने होकारार्थी मान हलवली. पोरीला गुंडाळून आणलं तेव्हा घरची वडीलधारी मंडळी म्हणाली, हिला दाखवू नका, ओली बाळंतीण आहे, हाय खाईल. त्यांचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने माणसं काय काय हिरावून घेतात!

नातीला मांडीवर घेतल्यापासून तिला तेवढंच हवं होतं: पोरीचं जे काही उरलंय, ते एकदा हातात घ्यायचं. नवरा म्हणाला, "झालं गेलं उकरून काय मिळणार?" तो रुग्णालयात आला नाही. धाकटी बहीण मात्र आली. तिला वगळून कुठे जायची सोयच नव्हती.

"ताई, तिथे चक्कर येऊन पडलीस तर मी उचलणार नाही, आत्ताच सांगून ठेवते," धाकटी जिन्यातच म्हणाली. "माझी कंबर तुला ठाऊक आहे."

लहान मुलांच्या हृदयांवर संशोधन करणाऱ्या त्या विभागात आजवर कुणाचे नातेवाईक असे आले नव्हते. तिथल्या डॉक्टरीणबाई लहान चणीच्या, चेहऱ्याने थकलेल्या होत्या. त्यांनी दोघींना आपल्या खोलीत बसवलं, चहा दिला, आतून एक झाकणाची बरणी आणून टेबलावर ठेवली आणि स्वतः उभ्याच राहिल्या.

आत पाण्यासारख्या द्रवात अक्रोडाएवढं हृदय होतं. फिकट, गुळगुळीत, कुठे चरा नाही. बसवाली बघत राहिली. तिला वाटलं होतं की बघताक्षणी ऊर भरून येईल. काहीच झालं नाही. आपण आई आहोत की कोण, असं मनात येऊन ती शरमली. मग तिला तिच्या पोरीतली एकच ओळखीची गोष्ट आठवली.

"ठिगळ कुठेय?" तिने विचारलं. "पांढरं लावलं होतं ना, नखाएवढं?"

"ते आतल्या बाजूला…"

"पण ते लावायला उघडलं असेलच ना? टाके कुठे आहेत?"

डॉक्टरीणबाईंनी बरणी आपल्याकडे ओढली आणि खुर्चीत बसल्या.

"हे तुमच्या मुलीचं नाही," त्या म्हणाल्या. "तिचं फार हाताळलं गेलंय. पुन्हा पुन्हा उघडून कडा विरल्यात. तुम्हाला बघवणार नाही असं वाटलं, म्हणून त्यातल्या त्यात धड होतं ते आणलं. चुकलं माझं."

"धड!" धाकटी ताडकन उठली. "अहो, आम्ही काय बाजारात आलोय, वरचं चांगलं बघून घ्यायला? एका आईला दुसरीचंच लेकरू दाखवता?"

"थांब गं," बसवाली म्हणाली. तिलाही संताप आला होता, पण नजर बरणीवर खिळली होती. याचीही आई कुठेतरी असेलच. तिने झाकणावर हलकेच हात ठेवला. "याला नीट जागेवर ठेवा. आणि माझी दाखवा. कशीही असू दे."

आतल्या खोलीत लांब टेबल, स्टुलांची रांग आणि भिंतीलगत बरण्यांची कपाटं होती. डोळ्यांना झोंबणारा औषधी वास होता. डॉक्टरीणबाईंनी हातमोजे चढवले, दाराजवळच्याच बरणीतून एक हृदय काढलं, बराच वेळ नळाखाली धुतलं आणि ओल्या फडक्यावर ठेवलं. ते समोरून उघडलेलं होतं. कडा धुवून धुवून वापरलेल्या कापडासारख्या झाल्या होत्या. आत पिवळट पडलेला एक तुकडा होता, नखाएवढा.

बसवालीने तो पाहिला आणि तिचं बोट आपोआप पुढे झालं.

"कुणी हाताळलं एवढं?" तिने विचारलं.

"सगळ्यांनी. इथे जो शिकायला येतो, त्याच्या हातात पहिलं हेच देतात. माझ्याही दिलं होतं. मोठे डॉक्टर तर निवृत्त होईपर्यंत हे घेऊन बसायचे. रक्तवाहिनी दुसऱ्या जागी लावताना तिला पीळ बसला होता, ते त्यांना यातच सापडलं. मग आम्ही टाके घालायची पद्धत बदलली. आता असं हृदय असलेली बाळं घरी जातात."

"सगळी?"

"बहुतेक सगळी."

त्या घरी गेलेल्या बाळांचा बसवालीला हेवा वाटला. अगदी जळफळाट झाला तिचा. आपलीच का नाही गेली? हा प्रश्न तिला आजवर कधी सोडून गेला नव्हता. ती त्या विरलेल्या कडांकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, कपाटात एकटी पडली असेल," ती अखेर म्हणाली. "म्हणजे हिला सारखं कुणी ना कुणी घेतच होतं?"

"कपाटात ती कमीच असते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटीने भिंतीकडे तोंड फिरवून नाक पुसलं. "वास फार आहे बाई इथे," ती पुटपुटली.

बसवालीने कुणी न सांगताच हातमोजे घातले. डॉक्टरीणबाईंनी हृदय उचललं आणि दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतात तेच सवयीने सांगायला लागल्या, "एक तळवा खाली. दुसऱ्याने वरून आधार द्यायचा, तान्ह्या बाळाची मान सावरतो ना, तसा…" आणि मध्येच थांबल्या. बसवालीचे दोन्ही हात तसेच पुढे आले होते. आता ते अवघडले नव्हते.

तिने पोरीला घेतलं, छातीशी धरलं. तिचं कोपर हलकेच हलायला लागलं, बाळाला निजवताना हलतं तसं.

बाहेर बोळात पावलं वाजली. तासाला आलेले विद्यार्थी दाराशी जमले होते. डॉक्टरीणबाई लगबगीने गेल्या आणि दार किलकिलं करून हळू आवाजात म्हणाल्या, "जरा थांबा. हिची आई आलीय."